विडंबनातला ‘ड’, विटंबनेतला ‘ट’

मार्च २०२५ मध्ये एका विनोदवीराची चित्रफीत बाहेर आली. हिंदी सिनेमातल्या एका गाण्याच्या चालीवर त्यानं महाराष्ट्राच्या उपमुख्यमंत्र्यांविषयी चार ओळी रचून म्हटल्या होत्या. त्याच रात्री मुंबईत खारला, जिथं हा कार्यक्रम झाला होता त्या स्टुडिओची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन पोचली. पुढं पोलिसांत तक्रारी, विधिमंडळात हक्कभंगाची भाषा, आणि वाहिन्यांवर रोज संध्याकाळी तीच जुगलबंदी: एक बाजू म्हणते ‘हे विडंबन आहे’, दुसरी म्हणते ‘ही विटंबना आहे’. दोघंही घसा ताणून एकाच धातूची दोन रूपं एकमेकांच्या अंगावर फेकत होते. शब्द एवढे जवळचे असताना त्यांचा अर्थ काय, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. वाद संपला तो कंटाळ्यानं, कुणाचं पटलं म्हणून नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. विडंबन आणि विटंबना एकाच आईचे शब्द असले, तरी मराठीनं त्यांना कधीच वेगळं काढून दिलं आहे आणि ही वाटणी कुठल्याही कायद्याच्या कलमापेक्षा शहाणी आहे. विटंबना त्याची होते, ज्याला उत्तर देता येत नाही. ज्याला उत्तर देता येतं, त्याचं फार तर विडंबन होतं. हातात माईक, पाठीशी पक्ष आणि दारात कॅमेरे असलेल्या जिवंत माणसाची ‘विटंबना’ झाली असं त्याचे कार्यकर्ते म्हणतात, तेव्हा नकळत ते आपल्या साहेबांना हयातीतच चौथऱ्यावर चढवत असतात.

पटत नसेल तर वर्तमानपत्रं उघडून बघा. विटंबना कशाची होते? पुतळ्याची, राष्ट्रध्वजाची, मूर्तीची, ग्रंथाची, मृतदेहाची. म्हणजे जे जे गप्प आहे त्याची. आणि विडंबन? कवितेचं, भाषणाचं, चालीचं, लकबीचं. बोलणाऱ्याच्या बोलण्याचं. ‘मृतदेहाचं विडंबन’ असं तुम्ही कधी ऐकलं आहे का? एखाद्या गायकानं अभंगाची वाट लावली की आपण ‘विटंबना केली’ म्हणतो खरं, पण तिथंही अभंग बिचारा उठून बोलू शकत नाही. (वाहिन्यांवरचे काही निवेदक हल्ली ‘ही केवढी मोठी विडंबना आहे’ म्हणतात, ती हिंदीतून आलेली तिसरीच बाई. तिचा अर्थ दैवदुर्विलास. तिला या भांडणातून वगळू.)

कुणी म्हणेल, द्रौपदीचं काय? ‘द्रौपदीची विटंबना’ हा तर रूढ प्रयोग. ती मुकी नव्हती. खरं आहे, उलट त्या सभेत सगळ्यांत नेमका प्रश्न तिनंच विचारला होता: आधी स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? भीष्मांसकट कुणालाही त्याचं धड उत्तर देता आलं नाही. पण म्हणूनच तो शब्द तिथं शोभतो. तिला बोलता येत होतं, सभेनं ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. तेव्हा माझ्या व्याख्येला एक पुस्ती जोडतो: विटंबना त्याची होते ज्याला उत्तर देता येत नाही, किंवा ज्याचं उत्तर ऐकून घ्यायला कुणी बसलेलंच नाही. ही पुस्ती पुढं मलाच अडचणीत आणणार आहे, पण त्याकडे येऊ.

मुळात या शब्दात अपमान नव्हताच असंही नाही आणि फक्त अपमानच होता असंही नाही. संस्कृतातल्या ‘विडंब’मध्ये अनुकरण आणि हेटाळणी दोन्ही नांदतात. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात शरद ऋतू येतो. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या कमळाचं छत्र, अंगावर ढळणारी काशफुलांची चवरी. असा थाट करून तो रघुराजाचं ‘विडंबन’ करतो, पण कालिदास लगेच सांगतो की त्याला राजाची शोभा काही साधली नाही. इथं अपमान कुणाचा झाला? झालाच असेल तर ऋतूचा! नक्कल करणारा मुळाच्या जवळ जातो आणि थोडक्यात चुकतो, त्या चुकण्यानं मूळ उजळतं. विडंबनाची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही.

दुसरा प्रसंग इतका गोड नाही. नाट्यशास्त्राच्या शेवटी एक गोष्ट आहे. भरतमुनींच्या मुलांना नाट्यवेद येतो, यशाची नशा चढते आणि ते ऋषींची टर उडवणारं प्रहसन करतात. ऋषी संतापतात. त्यांच्या तोंडी शब्द येतो तो हाच: ‘अस्मद्विडम्बनम्’, आमचं हे विडंबन योग्य नाही. मग शाप: तुम्ही आणि तुमचा वंश शूद्र व्हाल. विनोदाला शिक्षा म्हणून जात! आजच्या वादांचा सगळा सांगाडा या गोष्टीत आहे. ऋषींपाशी वेद होते, तप होतं, सभेत मान होता. नटांवर प्रति-प्रहसन रचायची प्रतिभाही असणारच. तरी त्यांनी उत्तर दिलं नाही, शाप दिला. कारण उत्तर दिलं तर समोरच्याशी बरोबरी मान्य करावी लागते. शापाला ती अडचण नसते, आणि हातोड्यालाही.

विरोधकांचा सगळ्यांत लोकप्रिय मुद्दा संस्कृतीचा. मोठ्यांची नक्कल करणं ‘आपल्यात’ बसत नाही, हे बाहेरून आलेलं खूळ आहे, असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, आपल्यात म्हणजे नक्की कुणात? नाथांच्या भारुडात नाथ कधी जोशी होतात, कधी वासुदेव, कधी गोंधळी. आणि एका भारुडात सासरा, सासू, नणंद, नवरा एकेकाला उचलून ने म्हणत भवानीला रोडगा कबूल करणारी सासुरवाशीण होतात. देवाशी सौदा करणाऱ्या नवसाचं इतकं झोंबरं विडंबन सोळाव्या शतकात पैठणला झालं आणि ते आजही कीर्तनात टाळ्या घेतं. कोकणातली शिमग्याची सोंगं घ्या. तमाशातली बतावणी घ्या. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी नि पिवळी मारबत निघते आणि तिच्यामागं बडगे: त्या वर्षी लोकांच्या डोक्यात गेलेल्या माणसांचे आणि गोष्टींचे पुतळे. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत सगळं शहर त्यांना गावाबाहेर नेऊन जाळतं. हे एकोणिसाव्या शतकापासून चाललं आहे. (मराठीची गंमत बघा: उभारतो तोही पुतळाच आणि जाळतो तोही पुतळाच.)

आमच्या गावी सुगी संपली की बहुरूपी यायचा. खाकी सदरा, गळ्यात शिट्टी, काखेत फाटकी वही. दारात उभा राहून करड्या आवाजात वाचायचा, ‘तुमच्या नावावर वॉरंट आहे. सासूला बिनसाखरेचा चहा दिल्याबद्दल.’ मग दंड म्हणून पायलीभर ज्वारी. एकदा चावडीपुढं त्याची गाठ खऱ्याखुऱ्या हवालदाराशी पडली. सगळी आळी श्वास रोखून. हवालदारानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, पुढं होऊन त्याची वाकडी टोपी सरळ केली आणि खिशातून पाच रुपये काढून दिले. तो हवालदार गावात कडक म्हणून ओळखला जायचा. टोपी सरळ केल्यानं त्याचा धाक कमी झाला नाही.

आणि हो, ‘टवाळा आवडे विनोद’. हे अर्धं चरण फेकलं की वाद जिंकला असं समजणारे बरेच भेटतात. दासबोधात ते येतं कुठं? कोणाला काय आवडतं याची एक लांब यादी चाललेली आहे, त्यात. टवाळांना विनोद आवडतो एवढंच तिथं म्हटलं आहे, ज्यांना विनोद आवडतो ते सगळे टवाळ असं नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या तासाला हा फरक शिकवतात. शिवाय ज्या समर्थांनी मूर्खांची लक्षणं मोजली आणि तेवढ्यानं समाधान न होऊन पढतमूर्खांसाठी वेगळा समास लिहिला, त्यांना विनोदाचं वावडं होतं असं सांगायला धाडसच लागतं.

आता ‘नक्कल’ या शब्दाकडे जरा थांबतो, कारण इथं माझा खरा मुद्दा आहे. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्या दफ्तरात आला, आणि आजही त्याचं अर्धं आयुष्य सरकारी कचेरीतच जातं. फेरफाराची नक्कल, निकालाची नक्कल, नक्कल मिळण्याबाबतचा अर्ज, नकलेची फी. दस्ताची जुनी नक्कल हातात घेऊन बघा. शेवटी दोन सह्या असतात: एक ‘नक्कल करणार’, दुसरी ‘रुजवात घेणार’. पहिल्यानं उतरवून काढायचं, दुसऱ्यानं मुळाशी ओळीओळीनं ताडून पाहायचं. दुसरी सही नसेल तर पहिलीला किंमत नाही.

रंगमंचावरच्या नकलेचंही तेच. नकलाकार हा नक्कल करणार, प्रेक्षक हा रुजवात घेणार. हशा ही त्याची सही. ‘अगदी असंच!’ असं मनात उमटल्याशिवाय ते हसू फुटत नाही. म्हणून चांगल्या नकलेला अभ्यास लागतो; नक्कल करायलाही अक्कल लागते हे आपण उगीच म्हणत नाही. अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहिली आणि मराठीत विडंबनकाव्याला खरी प्रतिष्ठा दिली. त्यात रविकिरण मंडळाच्या कवींची जी फिरकी घेतली आहे ती वाचताना जाणवतं ते हे, की त्या कवींचं वृत्त, त्यांची लाडकी संबोधनं, त्यांचे सुस्कारे एखाद्या भक्तानंही इतक्या बारकाईनं टिपले नसतील. केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’चंही त्यांनी विडंबन केलं. केशवसुत १९०५ सालीच गेलेले. ते कुठून उत्तर देणार, असं माझ्याच व्याख्येवर बोट ठेवून कुणी विचारेल. पण विडंबन कवितेचं होतं आणि कविता हयात होती. आजही आहे. पाठ आहे लोकांना. दिवंगत माणसाच्या विचाराशी, शब्दाशी दोन हात करता येतात, कारण शब्द मागं राहून लढतो. देह लढत नाही, पुतळा लढत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार सापडला आणि नंतरच्या पोलीस गोळीबारात दहा जण गेले. त्या हारात बाबासाहेबांच्या कुठल्या वाक्याचा प्रतिवाद होता? कुठली लकब टिपलेली होती? काहीच नाही. ती विटंबना करणाऱ्याला बाबासाहेबांचं एक पानही वाचायची गरज नव्हती. विटंबनेला अभ्यास लागत नाही, रात्रीचा अंधार पुरतो.

इथवर माझी बाजू सोपी होती. आता त्या पुस्तीकडे वळतो.

विडंबनाच्या समर्थकांना, म्हणजे माझ्याच गोटातल्या लोकांना, एक खोड आहे. नक्कल नेहमी खालून वर जाते, दुबळा बलवानाची करतो, असं गृहीत धरून ते बोलतात. इतिहास असं सांगत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत जोतीराव फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची जी खिल्ली उडवली, ती कुठून कुठं जात होती? १८८६ साली नारायण बापूजी कानिटकरांनी ‘तरुणीशिक्षणनाटिका’ लिहून शिकलेल्या बायकांना हास्यास्पद केलं, तेव्हा प्रेक्षागारात रुजवात घ्यायला किती शिकलेल्या बायका बसलेल्या असतील? आणि उलट दिशेचं काय झालं तेही पाहा. फुल्यांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ लिहिलं, त्यात गरोदर कुणबिणीच्या नवऱ्याला नागवणारा जोशी आणि त्याचं बिंग फोडणारा विदूषक आहे. मराठी ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं, आणि पुढं शंभराहून अधिक वर्षं ते अप्रकाशित राहिलं. म्हणजे एकाला हसायला नाट्यगृह, दुसऱ्याच्या हसण्याला छापखानाही नाही. अशा वेळी ‘त्यांनीही उत्तर द्यावं की’ हे म्हणणं कोडगेपणाचं आहे.

आजही ते संपलेलं नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणारा नोकर, वऱ्हाडी हेल काढणारा बावळट पाहुणा, टाळी वाजवत येणारा तृतीयपंथी, अमुक जातीचा म्हणून तमुक पद्धतीनं बोलणारा माणूस: आपल्या कितीतरी विनोदी नाटकांचा, मालिकांचा, स्पर्धांच्या कार्यक्रमांचा चरितार्थ यांवर चालतो. ज्यांची ही नक्कल होते त्यांना लागतं, आणि ते लागणं खोटं नाही. ‘विनोद कळत नाही’ म्हणून त्यांना झटकून टाकणाऱ्यांशी माझं पटत नाही. पण यावर उपाय म्हणून नकलेवरच बंदी मागणाऱ्यांशीही पटत नाही, कारण त्या नकलांचा दोष वेगळाच आहे. त्या नकलाच नाहीत. लिहिणाऱ्यानं कुठल्या वऱ्हाडी माणसाला दोन तास ऐकलेलं नसतं, त्यानं आधीच्या नाटकातल्या वऱ्हाडी नोकराला ऐकलेलं असतं. प्रेक्षक हसतो तेही मुळाशी ताडून नाही, आधीच्या नकलेशी ताडून. नकलेची नक्कल, तिची नक्कल; अस्सल दस्त कुणी पाहिलेलाच नाही आणि खाली रुजवातीच्या सह्या मात्र भरपूर. याला मराठीत चांगला जुना शब्द आहे: वेडावणं. वेडावून दाखवायला समोरच्याकडे बघावं लागत नाही, जीभ बाहेर काढली की झालं.

हा फरक मी पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या स्नेहसंमेलनात, नववीत असताना. आमच्या वर्गातल्या एका मुलानं गणिताच्या सरांची नक्कल केली. चष्मा कपाळावर सरकवणं, फळ्यावरचं पुसताना तळहाताचा पांढरा पंजा सदऱ्यावर उमटवणं, अवघड पायरी आली की फळ्याकडे पाठ करून खिडकीबाहेर बघत ‘आता हे उघडच आहे’ म्हणणं. मांडव डोक्यावर घेतला पोरांनी. सर पहिल्या रांगेत होते. ते उठले. एकदम शांतता. सर म्हणाले, ‘खडू डाव्या हातात. मी डावरा आहे.’ आणि बसले. त्यानंतरचा हशा पहिल्यापेक्षा मोठा होता. पोराला तेवढ्यानं चेव आला आणि त्यानं लगोलग शिपाईमामांची नक्कल सुरू केली. मामा नोटीसवही घेऊन वर्गावर्गात फिरायचे आणि बोलताना अडखळायचे. त्यानं केलं एवढंच: अडखळून दाखवलं. मामांची वहीत बोट घालून ठेवायची सवय नाही, दारात थांबून आधी बाईंकडे बघणं नाही, काही नाही. हशा त्यालाही पडला, कदाचित जास्तच. मीही हसलो. पडदा ओढायची दोरी मामांकडेच होती. नक्कल संपल्यावर त्यांनी पडदा ओढला.

सरांना उभं राहून दुरुस्ती सांगता आली. मामांनी काय दुरुस्ती सांगायची होती?

तेव्हा कसोटी दुहेरी आहे. नक्कल करणाऱ्यानं मुळाकडे पाहिलं आहे का, आणि ज्याची केली त्याला उठून ‘खडू डाव्या हातात’ म्हणता येतं का. या दोन प्रश्नांवर आपल्या गाजलेल्या वादांना घासून बघितलं की बरीच हवा निघून जाते. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या पायऱ्यांवर तृणमूलच्या एका खासदारानं राज्यसभेच्या सभापतींची नक्कल केली. नक्कल सुमार होती की बरी, हा भाग वेगळा. पण लगेच सांगितलं गेलं की हा शेतकऱ्यांचा अपमान आहे, जाट समाजाचा अपमान आहे, घटनात्मक पदाचा अपमान आहे. एका माणसाच्या उभं राहण्याची नक्कल एवढ्या लोकांना लागू कशी पडली? ज्या दिवशी बलवान माणूस आपल्या जखमेसाठी अख्खा समाज उसना आणतो, त्या दिवशी त्या समाजाची खरी जखम स्वस्त होते. ‘विटंबना’ हा शब्द रमाबाई नगरसाठी वापरायचा आणि मंत्र्यावरच्या चार ओळींसाठीही वापरायचा, यात नुकसान मंत्र्याचं होत नाही.

महाराष्ट्रात तर हे अधिकच विचित्र दिसतं. १९६० साली ‘मार्मिक’ काढून व्यंगचित्रकारानं सुरू केलेल्या वाटचालीतून इथं एक पक्ष उभा राहिला. बाळासाहेब जाहीर सभेत शरद पवारांना ‘मैद्याचं पोतं’ म्हणत, लाखभर लोक हसत, आणि दोघांची मैत्री टिकून राहिली. राज ठाकऱ्यांच्या सभेला निम्मी गर्दी नकलांसाठी होते. विरोधक त्यांना ‘नकलाकार’ म्हणून हिणवतात, तेव्हाही हिणवता हिणवता त्यांचीच नक्कल करून दाखवतात. त्याच परंपरेच्या कार्यकर्त्यांनी, पक्ष एक असताना, २०२० मध्ये कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला व्यंगचित्र पुढं पाठवल्याबद्दल मारलं आणि पक्ष दोन झाल्यावर २०२५ मध्ये स्टुडिओ फोडला. काँग्रेस–राष्ट्रवादीच्या राज्यात २०१२ साली एका व्यंगचित्रकारावर राजद्रोहाचं कलम लागलं. महाविकास आघाडीच्या राज्यात २०२२ साली शरद पवारांवरच्या एका मजकुरासाठी एका अभिनेत्रीला महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहावं लागलं. तो मजकूर मला किळसवाणा वाटला होता. माणसाच्या आजारपणावर हसणं हे वेडावणंच, त्यात नकलेची कला औषधालाही नव्हती. पण पवारांना उत्तर देता येत नव्हतं असं म्हणायला जीभ धजावते का? हिणकस विनोदाला ‘हिणकस’ म्हणायची सोय भाषेत असताना तुरुंग कशाला?

एक आक्षेप मात्र मला खरोखर विचारात पाडतो. पूर्वी नक्कल मांडवापुरती असायची, आज ती अर्ध्या मिनिटाची चित्रफीत होऊन मुळाच्या पुढं धावते. माणूस काय म्हणाला हे कुणाला ठाऊक नसतं, नकलेतलं वाक्य मात्र सगळ्यांना ठाऊक. त्यात आता यंत्र कुणाचाही आवाज आणि चेहरा जसाच्या तसा बनवून देतं. हे मला मान्य आहे, फक्त त्याला नक्कल म्हणणं मान्य नाही. कालिदासाचा शरद आठवा: त्याला राजाची शोभा साधली नाही, आणि साधली नाही हे लपलेलंही नाही. विडंबनात शिवण दिसते. हा तो नव्हे, हे पाहणाऱ्याला पहिल्या क्षणापासून माहीत असतं आणि सगळी मजा त्या माहीत असण्यात असते. यंत्राचं काम शिवण लपवण्याचं. दफ्तरी भाषेत अशा कागदाला नक्कल म्हणत नाहीत, बनावट दस्त म्हणतात, आणि त्याची शिक्षा वेगळी असते. दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या नावाचा, आवाजाचा, चेहऱ्याचा व्यापारी गैरवापर रोखला तेव्हा हा भेद ध्यानात ठेवला. उपहास आणि विडंबन यांना जागा आहे हेही त्यात म्हटलं. (त्या आदेशात ‘झकास’ या शब्दालाही संरक्षण मिळालं. आपला साधा रोजचा मराठी शब्द. तो आपण आता धंद्यात कुठवर वापरायचा, हे एकदा विचारून घेतलेलं बरं.)

नाट्यशास्त्रातली ती गोष्ट शापापाशी संपत नाही. पुढं नहुष राजाला वाटतं की हे नाट्य पृथ्वीवरही व्हावं. स्वर्गातून कुणाला पाठवायचं? तर त्याच शापित मुलांना. ऋषींचं प्रहसन झालं नसतं तर आपल्यापर्यंत नाटक आलं असतं का, देव जाणे.

मामा मला पुन्हा भेटले ते फार वर्षांनी, तालुक्याच्या एसटी स्टँडवर. निवृत्त झालेले. गाडीला दीड तास होता. चहा घेताना मी भीत भीत त्या संमेलनाचा विषय काढला, माफीसारखं काहीतरी पुटपुटलो. ते हसले. मग कप खाली ठेवून त्यांनी गणिताचे सर करून दाखवले. खडू डाव्या हातात. मग हेडमास्तर, जिना चढताना प्रत्येक वळणावर थांबून मागं बघणारे. मग ती पहिली रांग: आधी शेजारच्याकडे चोरून बघायचं, तो हसतोय याची खात्री करायची, मग रुमाल तोंडाला लावून खांदे हलवायचे. या सगळ्यात ते एकदाही अडखळले नाहीत. चहावाला पोऱ्या किटली घेऊन उभाच राहिला. नक्कल संपली, मामा पुन्हा मामा झाले आणि मला एक प्रश्न विचारला. तो उच्चारायला त्यांना किती वेळ लागला ते मी इथं अक्षरं तोडून लिहिणार नाही. प्रश्न एवढाच होता:

‘आता तुमचं करू?’